उकिडवे काकांनी निवडलेली गाडी

उकिडवे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. बॉक्सटेलजवळच्या एका खेड्यात, कुणा अनोळखी माणसाच्या घरासमोर, एका निळ्या गाडीच्या चाकाशी ते उकिडवे बसले होते. नोव्हेंबरमधला शनिवार होता. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. डोक्याला माकडटोपी, अंगात कंपनीचं जाड जाकीट, आणि उजव्या हाताचा मोजा काढून त्यांनी तो दातांत धरला होता. टायरवरून बोटं फिरवून झाल्यावर ते उठले, उघडा तळहात बॉनेटवर ठेवून क्षणभर थांबले, मोजा घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मृदुला ना तू? चल. ही गाडी बघायची नाही."

"का? काय झालं?"

"गरम आहे. आम्ही यायच्या आधी चालू करू नका, असं सांगितलं होतं ना तू फोनवर? तरी केली. रात्रभर थंडीत उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होताना जे बोलते ते खरं. तासाभरानं काय, सगळ्याच गोड बोलतात."

मालक दार उघडून बाहेर येईपर्यंत आम्ही बसस्टॉपच्या वाटेला लागलो होतो. पाऊण तास बसमधून जाऊन दोन मिनिटांत परत फिरायचं, याचा मला रागही आला होता आणि गंमतही वाटत होती. काकांनी पिशवीतून थर्मास काढून मला चहा दिला. "चाकाशी बसून बसून गुडघे गेले," ते म्हणाले. "पण आडनावच उकिडवे. त्याला जागायला नको का?"

माझी घाई वेगळीच होती. आयंडहोवनमधली माझी नोकरी ऑगस्टमध्ये गेली होती. इथे बाहेरच्या देशातून परमिटवर आलेल्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला तीन महिने मिळतात. परमिट माझ्या नावावर, आणि त्याच्यावर आम्ही तिघं: मी, माझा नवरा निखिल आणि आठ वर्षांची ईरा. अकराव्या आठवड्यात मला आर्नहेमजवळच्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी मिळाली. शिफ्ट सकाळी सातची. आमच्या बेस्ट गावाहून निघणारी पहिली ट्रेन धरूनही मी आठच्या आत पोचत नव्हते. घर हलवायचं तर ईराची शाळा मध्येच सुटणार. निखिलला गाडी चालवता येत नाही. मला येते, पण पुण्यात. बर्फावर मी कधी सायकलसुद्धा धड चालवली नव्हती. थोडक्यात, एक जुनी, स्वस्त, पण हिवाळाभर दगा न देणारी गाडी डिसेंबरच्या आत हवी होती.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जुनी गाडी' असे दोन शब्द लिहिले की कुणीतरी नुसता एक नंबर पाठवायचं. तो काकांचा. ते मूळचे मिरजेचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेली, मग डिप्लोमा, मग पुण्यात मशीनच्या जुळणीचं काम, आणि तिथून वीसेक वर्षांपूर्वी इथे, बेस्टमधल्या एका कारखान्यात. वय पासष्टच्या घरात होतं. या कामाचा मोबदला ते घेत नसत. एकच अट असायची: "पेढे नकोत. पहिला बर्फ पडेल त्या दिवशी फोन करून सांगायचं, सुखरूप पोचलो म्हणून."

काका आता नाहीत. मुलीकडे ग्रोनिंगनला राहायला गेल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात हृदयविकारानं गेले. त्यांच्या ओळखीचे लोक अजूनही भेटले की त्यांच्या गाड्यांच्या गोष्टी काढतात आणि हसतात. मी हसते, पण पूर्ण हसू येत नाही. का, तेच इथे सांगायचं आहे.

त्या महिन्यात आम्ही चार शनिवार फिरलो, नेहमी बसनं. स्वतःची गाडी असताना हे बसनं का येतात, असं मनात यायचं, पण मी विचारलं नाही. दुसरी गाडी त्यांनी इंजिन बघून सोडली. इंजिन नव्यासारखं चकाकत होतं. "काल धुतलंय. तेल गळत असेल ते धुऊन टाकलं. आपल्याला मळकंच बरं, मळकं खोटं बोलत नाही." तिसऱ्या गाडीत त्यांनी पायाखालची मॅट उचलून खालच्या गालिच्यावर हात दाबला आणि ओला हात मला दाखवला. "हे पाणी हिवाळाभर काचेवर आतून चढणार. तू पुसत बसणार की रस्ता बघणार?" त्यांचं एक वाक्य माझ्या वहीत लिहिलेलं आहे: "गाडी पळते का ते कुणीही बघतो. थांबते का ते बघ, आणि सकाळी सहा वाजता उठते का ते बघ. बाकी सगळं हौसेचं."

चौथी गाडी एका निवृत्त शिक्षिकेची होती. आन्स तिचं नाव. चौदा वर्षांची करडी जपानी हॅचबॅक. गॅरेजची सगळी बिलं एका फाइलमध्ये, वर्षाप्रमाणे लावलेली. बॉनेट बर्फासारखं गार. काकांनी आधी मला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः डोळे मिटून बाहेर उभे राहिले. गाडी एका दमात चालू झाली. मग त्यांनी तेलाचं झाकण काढून वास घेतला, हीटर पूर्ण सोडायला सांगितला, मागच्या काचेच्या तारा तापतात का ते तळहातानं बघितलं. गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर नेऊन मला दोनदा जोरात ब्रेक मारायला लावला. "स्टिअरिंग सैल धर. कुठं ओढतीय का? नाही ना? मग ही सरळ बाई आहे."

राहिले टायर. टायरच्या बाजूला चार बारीक आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "तू वाच," काका म्हणाले. "चष्मा घरी राहिला." मी मोबाइलचा दिवा लावून तीन टायर वाचले. तिन्ही दोन वर्षांपूर्वीचे, बाराही महिने चालणारे. चौथा, मागचा डावा, झुडपाच्या कुंपणाला लागून होता. काका स्वतःच त्या फटीत शिरले, उकिडवे बसले आणि रबराच्या खाचांतून बोटं फिरवून आले. "खाचा खोल आहेत. उत्तम आहे."

"आकडे?"

"चार एकदमच बसवले असणार की. घे ही गाडी, मृदुला. चोख आहे."

मी घेतली. डिसेंबर सगळा पावसाचा आणि धुक्याचा गेला. रोज सकाळी साडेपाचला ती एका दमात उठायची. तीन नद्या ओलांडून मी आर्नहेमला जायचे आणि दुपारी परत यायचे. निखिलला मी म्हणायचे, या गाडीनं आपल्याला तारलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला खरा बर्फ पडला. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरून गेल्या होत्या. मी हळूच चालवत होते. वाल नदीच्या पुलावर चढले तेव्हा पुढच्या ट्रकचे लाल दिवे पेटले आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. जोरात नाही, अगदी अलगद. गाडीचा मागचा भाग डावीकडे निघाला. कुणीतरी मागून धरून बाजूला सरकवावं तसा. पुलाचे दिवे समोरून फिरत गेले, एक मोठा आवाज झाला आणि मी ज्या दिशेनं आले होते त्या दिशेला तोंड करून कठड्याला टेकून उभी होते. मागून येणारे थांबले म्हणून मी वाचले. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण खाली, अंधारात, नदीवरून वाफ निघत होती. तिच्याकडे बघत मी किती वेळ बसले, मला सांगता येणार नाही.

गाडी ओढून न्यायला आलेल्या मेकॅनिकनं टॉर्च मागच्या डाव्या चाकावर धरला. "हा कुणी बसवला?" त्यानं विचारलं. टायरच्या खाचा नव्यासारख्या खोल होत्या. पण बाजूच्या रबराला केसासारख्या चिरा होत्या, आणि नखानं टोचलं तर ते लाकडासारखं लागत होतं. आकडे त्यानं वाचून दाखवले. टायर गाडीच्याच वयाचा होता, चौदा वर्षांचा. मी नंतर आन्सला फोन केला तेव्हा तिला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात चाक पंक्चर झालं होतं आणि भाच्यानं डिकीतलं जादाचं चाक काढून बसवलं होतं. तिथेच पडून म्हातारं झालेलं, कधी न वापरलेलं चाक. बिचारी फोनवर रडायला लागली.

पहिल्या बर्फाचा फोन मी काकांना केला. "पोचलीस ना सुखरूप?" त्यांनी आनंदानं विचारलं. मी म्हटलं, "नाही," आणि ठेवून दिला.

माझ्या साहेबांनी समजूतदारपणा दाखवला. तीन आठवडे दहा वाजता ये, ट्रेननं ये, त्यानंतर मात्र सातलाच यावं लागेल, असं ते म्हणाले. गाडी दुरुस्तीला गेली, नवे टायर बसले. तो जुना टायर मी मागून घेतला. रविवारी दुपारी मी तो फुटपाथवरून ढकलत काकांच्या घरी नेला. दोनच गल्ल्या पलीकडे ते राहायचे. लोक वळून बघत होते. मला काकांच्या समोर तो टायर आदळायचा होता. काय बोलायचं ते मी वाटेत तीनदा घोकलं होतं.

दार काकांनी उघडलं. आत शैलाकाकू खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू लुळी, आणि बोलणं गेल्यासारखंच. शब्द यायचे, पण भलतेच. पाणी म्हणायचं असेल तर "दाणी" म्हणायच्या आणि स्वतःच चिडायच्या. त्यांच्यासमोर मला आदळआपट करवेना. मी टायर मागच्या अंगणात नेऊन आडवा टाकला. काका त्याच्याशी बसले. अंगठ्यानं टायरची कड चाचपत गेले, एक फेरी, दुसरी फेरी. आकडे त्यांच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर होते, भर उजेडात. मान ते अशी फिरवत होते, जशी आपण पाण्याच्या नळीतून बघताना फिरवू.

"कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून आकड्यांवर ठेवलं. माझा राग त्याच क्षणी कुठे गेला कोण जाणे. त्याच्या जागी भीती आली.

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

ते बराच वेळ चिरांवरून बोट फिरवत राहिले. "काचबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. कडा गेल्यात. मध्ये एक भोक राहिलंय, त्यातून दिसतं. उजेडात बरं, अंधारात आणि काळ्यावर काळं काही नाही. त्या दिवशी आकडे दिसेनात. तुला हाक मारायची, तर मग सांगावं लागलं असतं. हाताला खाचा खोल लागल्या. म्हटलं, असेल ठीक."

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी मागच्या मार्चमध्ये सांगितलं. गाडी चालवू नका म्हणाले. इथले डॉक्टर लायसन्स काढून घेत नाहीत. सांगतात आणि आपल्यावर सोडतात."

"मग काकूंना व्यायामाला कोण नेतं?"

आठवड्यातून दोनदा काका काकूंना गावाबाहेरच्या पुनर्वसन केंद्रात घेऊन जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मागे वळून पाहिलं. अंगणाच्या उघड्या दारातून काकू आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी चांगला, डावा हात छातीवर ठेवला आणि जरा अभिमानानं म्हणाल्या, "लाल. हिरवा. मी."

मला समजायला वेळ लागला. शेजारी बसून त्या त्यांना सिग्नल सांगत होत्या. ज्या बाईच्या तोंडी हवा तो शब्द येत नव्हता, तिच्या शब्दांवर काका गाडी चालवत होते.

"फक्त चार किलोमीटर आहे," काका म्हणाले. "रस्ता पाठ आहे. आणि दुसरीकडे कुठं जात नाही मी. म्हणून तर बसनं आलो तुझ्याबरोबर."

"काका, खेमेंतेकडे, म्हणजे नगरपालिकेत, अर्ज केला तर टॅक्सी मिळते अशा कामाला."

"ठाऊक आहे. त्या अर्जात विचारतात, घरचं माणूस का नेऊ शकत नाही? काय लिहू? लिहिलं की रमाला कळणार." रमा त्यांची एकुलती एक मुलगी, ग्रोनिंगनला शिकून तिथेच नोकरीला लागलेली. "कंपनीला कळणार. मी तिथं जुळणी तपासतो, मृदुला. केसाच्या जाडीचं काम आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी. आणि ही…" त्यांनी काकूंकडे हात केला. "हिला परक्या माणसाच्या गाडीत नीट बसता येत नाही. घाबरते. रडते."

"त्याच रस्त्यानं माझी ईरा सायकलवरून शाळेत जाते."

काका उठून उभे राहिले. इतकं तोडून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुझा टायर चुकला, ती माझी चूक. पाया पडून माफी मागतो. पण वीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही. माझ्या घरी येऊन मला शिकवू नकोस."

मी निघाले. निखिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रमाला फोन कर. आत्ता." मी म्हटलं, उद्या करते. दुसऱ्या दिवशी वाटलं, चुगली केल्यासारखं होईल. तिसऱ्या दिवशी वाटलं, त्यांचे ते स्वतःच सांगतील. मी ईराला दुसऱ्या, लांबच्या रस्त्यानं शाळेत पाठवायला लागले. आपलं मूल बाजूला काढलं आणि बाकीच्यांची मुलं त्या रस्त्यावर राहू दिली, हे तेव्हा मला दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं. तरी मी सहा दिवस गप्प बसले. काकांचा दोष सांगताना हे सहा दिवसही सांगायला हवेत.

शनिवारी दुपारी काका चालत आमच्या घरी आले. पायरीवर उभं राहूनच त्यांनी आदल्या दिवशीची हकिकत सांगितली, आवाज न चढवता, दुसऱ्याच कुणाची सांगावी तशी. केंद्रातून परत येताना शाळेजवळच्या झेब्रा क्रॉसिंगपाशी काकू एकदम म्हणाल्या, "फूल!" काकांना वाटलं, कुठेतरी फुलं दिसली हिला. ते हसले. "म्हटलं, जानेवारीत कसली फुलं?" काकू पुन्हा ओरडल्या, "फूल! फूल!" आणि डाव्या हातानं त्यांनी मधला हँडब्रेक सगळा जोर लावून वर ओढला. गाडी फरफटत तिरकी होऊन थांबली. पिवळा रेनकोट घातलेलं एक मूल, दप्तर पाठीला लावून, त्यांच्या बंपरपासून हातभर अंतरावरून पलीकडे गेलं. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"तिला 'मूल' म्हणायचं होतं," काका म्हणाले. "मूल."

मी त्यांना आत घेतलं. ते सोफ्यावर बसले. गाडी त्यांनी तिथेच बंद केली होती. रस्त्यावरच्या एका बाईनं ती बाजूला लावून दिली आणि दोघांना घरी सोडलं होतं. रमाला त्यांनी स्वतः फोन केला होता. सोमवारी कंपनीत सांगणार होते. खेमेंतेचा अर्ज त्यांनी बरोबरच आणला होता. "तू भर. मी सांगतो ते लिही. काही लपवू नकोस."

अर्ज भरून झाला. मला वाटलं, ते आता जातील. पण त्यांनी पिशवीतून फोन काढला. "अजून एक काम आहे. मार्चनंतर मी तुझ्यासकट दहा जणांना गाड्या घेऊन दिल्या. त्या नऊ जणांना सांगायला पाहिजे. मला नंबर दिसत नाहीत. तू लाव."

काकांना माणसांची नावं आठवत नव्हती, गाड्या आठवत होत्या. "मागचा दिवा बदललेली पांढरी, ते फेल्डहोवनचे. दार खटखट वाजणारी हिरवी, ती दोन मुलं, एकत्र राहतात ती." मी ग्रुपमधून शोधून एकेक नंबर लावत गेले आणि फोन स्पीकरवर ठेवून त्यांच्यापुढे धरत गेले. प्रत्येकाला ते तेच सांगत होते: "मी उकिडवे बोलतोय. तुमची गाडी बघितली तेव्हा मला नीट दिसत नव्हतं. मी ते तुमच्यापासून लपवलं. या आठवड्यात गॅरेजमध्ये जाऊन टायर, ब्रेक आणि खालची बाजू दाखवून घ्या. पाऊस असो, ऊन असो, दाखवून घ्या."

पहिला माणूस हसला. त्याला थट्टा वाटली. काकांना पुन्हा सगळं सांगावं लागलं. एका बाईनं "अहो काका, डोळ्यांचं काय आता?" म्हणून आधी त्यांचीच चौकशी केली. एकानं मध्येच फोन ठेवला. पांढऱ्या गाडीवाले मात्र भडकले. "आम्ही तुमच्यावर विसंबून गाडी घेतली. माझी बायको सात महिन्यांची गरोदर आहे, रोज त्या गाडीतून जाते. तुम्हाला लाज कशी वाटली नाही?" मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला. काकांनी मानेनं नको म्हटलं. त्यांचं बोलून होईपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "वाटली. वाटत होती म्हणूनच लपवलं. तुम्ही गाडी दाखवा, एवढंच सांगायला फोन केला."

पुढच्या आठवड्यात त्याच पांढऱ्या गाडीच्या मागच्या ब्रेकची नळी गंजून पातळ झालेली निघाली. त्या गृहस्थांनी ते मला कळवलं, काकांना नाही. मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं." त्या शनिवारी नववा फोन झाला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ईरा मधे येऊन त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवून गेली. तो त्यांच्या उजव्या हाताशी होता. त्यांना दिसला नाही. मी उचलून हातात दिला.

फेब्रुवारीत रमा आली. घर आवरायला, आईवडलांना आपल्याकडे घेऊन जायला. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. वडलांवर ती चिडलेली होती, आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. त्यामुळे खोकी जरा जास्तच जोरात बंद करत होती. काकांची गाडी विकायला काढली होती. तिच्यात काय काय बिघडलंय याची यादी काकांनी मला सांगून लिहून घेतली आणि घेणाऱ्याच्या हातात दिली. त्यात एक बारीक ओरखडासुद्धा होता, हँडब्रेकच्या दिवशीचा, शेजारच्या खांबाला घासून आलेला.

माझे तीन आठवडे संपत आले होते. करडी गाडी दुरुस्त होऊन दारात उभी होती आणि मी तिच्यात बसले नव्हते. दोनदा किल्ली घेऊन बाहेर गेले आणि दाराला हात लावून परत आले. सोमवारी सातला मला आर्नहेमला असायला हवं होतं. गेले नसते तर नोकरी आणि नोकरीबरोबर सगळंच. निखिलनं हे काकांना सांगितलं असावं. शनिवारी सकाळी ते काठी टेकत आले. "चल," म्हणाले, "त्या पुलावर जाऊन येऊ."

"काका, मला जमणार नाही."

"मलाही जमणार नाही. मला तर दिसतही नाही. चल."

रात्री बर्फ पडलेला होता, पण ऊन निघालं होतं. मी साठच्या वेगानं जात होते आणि मागचे ट्रक मला ओलांडून जात होते. "जाऊ देत," काका म्हणाले. "त्यांना घाई आहे, आपल्याला नाही." मास नदीवरचा पूल गेला. वालचा पूल जवळ आला. कठड्याचा तो भाग मला लांबूनच दिसला. पत्रा तिथे नवा, चकचकीत होता.

"आवाज बदलला," काका म्हणाले. "पुलावर आलो. आता पाय गॅसवरून हळूच उचल. ब्रेकला शिवू नकोस. लांब बघ, पलीकडच्या काठावर बघ. कठड्याकडे बघू नकोस, बघशील तिकडं जाशील. श्वास घे की गं, धरून काय ठेवलास?"

मी श्वास सोडला. गाडी सरळ गेली. नवीन टायर रस्त्याला धरून होते. खाली नदी उन्हात चमकत होती, तिच्यावरून वाळूनं भरलेली एक लांबलचक बोट जात होती. पलीकडे उतरल्यावर मी पहिल्या थांब्यावर गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. काकांनी समजूत घातली नाही. थर्मासचं झाकण उघडून माझं होईपर्यंत वाट बघत बसले.

"मृदुला," चहा देताना ते म्हणाले, "त्या दिवशी तू या पुलावरून खाली गेली असतीस तर मी काय केलं असतं, याचा मी रोज विचार करतो. माफी मागून हे फिटायचं नाही. तू माफ केलंयस असं म्हणूही नकोस. फक्त सोमवारी जा."

"जाईन," मी म्हटलं.

परत येताना पूल पुन्हा ओलांडला. या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही. मी बघितलं तर त्यांची मान दाराकडे कलली होती. झोप लागली होती त्यांना. मार्चपासून त्या माणसानं जागेपणी आणि झोपेतही काय काय सांभाळलं होतं, देव जाणे. हीटरच्या उबेत त्यांचं तोंड जरासं उघडं पडलं होतं. माकडटोपी एका कानावरून सरकली होती. मी हीटर एक घर वाढवला आणि रेडिओ बंद केला. बेस्टची पाटी आली. घरी रमा खोकी भरून वाट बघत होती, दुपारी त्यांना ग्रोनिंगनला निघायचं होतं. मी वळण न घेता सरळ पुढे गेले, आयंडहोवनला वळसा घालून, जितका लांबचा रस्ता मला माहीत होता तितक्या लांबच्या रस्त्यानं, आणि त्यांना झोपू दिलं.